माझ्या कुकरला नावं ठेवू नका

वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत नवऱ्याला बोललेलं चालतं. सासूला, नगरसेवकाला, अगदी देवालाही बोल लावलेला चालतो. पण एखादीच्या मिक्सरला किंवा धुण्याच्या पावडरीला नाव ठेवून बघा! "पंधरा वर्षं वापरतेय, एकदा तक्रार नाही," म्हणत ती सरसावून बसते. मग दुसरी तितक्याच जोराने आपल्या कंपनीची बाजू लढवते. ज्या कंपन्यांना या दोघींचं नावही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोघी हमरीतुमरीवर येतात.

आपण कार्यकर्त्या यावर हसतो आणि 'जाहिरातींनी डोकी फिरवली' असं म्हणून मोकळ्या होतो. मला हे निदान पटत नाही. (पुरुष मोटारसायकलीवरून आणि मोबाइलवरून काय कमी भांडतात? पण त्याला कुणी भाबडेपणा म्हणत नाही. ती 'माहिती' असते.)

लग्न कुणाशी, मुलं किती, घर कुणाच्या नावावर, यांतलं किती बाईला विचारून ठरतं? तिच्या शब्दाला मान असतो तो कुकर कुठला घ्यायचा, पावडर कुठली आणायची, एवढ्यापुरता. घरखर्चातून मागे टाकलेल्या पैशातून, चार दुकानं हिंडून तिने ती वस्तू आणलेली असते. तेव्हा वस्तूला नाव ठेवणं म्हणजे तिच्या अकलेला नाव ठेवणं. भांडण कंपनीसाठी नसतंच, आपल्याला कळतं हे सिद्ध करण्यासाठी असतं.

कंपन्यांनी हे केव्हाच ओळखलं. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा विकायला सुरुवात केली. सर्फच्या मानाने तिची किंमत इतकी कमी होती की पुढे सर्फचं गिऱ्हाईक तुटू लागलं. मग ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ललिताजी आल्या. भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, स्वस्त वस्तू आणि चांगली खरेदी यांतला फरक सांगणारी ही गृहिणी पावडरीपेक्षा शहाणपणाचं प्रशस्तिपत्रच विकत होती. निरमावालीकडेही आपलं प्रशस्तिपत्र होतंच: कमी पैशात तेवढेच स्वच्छ कपडे! दोघीही हुशार ठरल्या, आणि धुण्याचा पिळा दोघींच्याच हातात राहिला. दुसऱ्या एका गाजलेल्या जाहिरातीने तर बायकोवर प्रेम करणारा नवरा अमुक कुकरला नकार देऊच शकत नाही असं ठरवून टाकलं. त्याने स्वतः कुकर लावावा असं काही तिने सुचवलं नाही.

गिऱ्हाईक म्हणून बाई नेहमी अशी एकेकटीच उभी होती असं नाही. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेल, साखर, धान्य, रॉकेल हे त्यांचे विषय. त्याही स्वयंपाकघराचाच कैवार घेत होत्या, पण दुकानदाराला आणि सरकारला जाब विचारत होत्या.

आज जाब विचारायची वेळ येते तेव्हा काय होतं? माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. कुकरचं झाकण उडून एका बाईचा हात आणि गळा भाजला. तक्रार करू या म्हटलं तर म्हणाली, "कंपनी चांगली आहे हो. माझंच चुकलं असेल, रिंग नीट बसली नसेल." हे वाक्य आमच्या केंद्रात रोज ऐकू येतं. फक्त तिथे कंपनीच्या जागी नवरा असतो. तो तसा चांगला आहे, माझंच चुकलं. स्वतःची निवड वाईट निघाली हे कबूल करण्यापेक्षा स्वतःला दोष देणं सोपं वाटतं. अशी निष्ठा फुकट मिळाल्यावर कंपनी ती नाकारेल कशाला?

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय खूण सक्तीची आहे. ती नसलेले कुकर विकल्याबद्दल २०२२ मध्ये मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना दंडही झाला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बाई राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पावती नवऱ्याच्या नावावर असली तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणारी बाईही ग्राहकच.

पण पावती आणखी एका ठिकाणी लागते. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली स्त्रीधन परत मागता येतं. त्यासाठी वस्तूंची यादी करायला बसलं की बायका घडाघडा सांगतात: अमक्या कंपनीचा मिक्सर, तमक्या कंपनीचा पंखा, पाच लिटरचा कुकर. कंपनीचं नाव एकही चुकत नाही. पावती मागितली की त्या गप्प होतात. ती असलीच तर नवऱ्याच्या नावावर असते आणि त्याच्याच कपाटात.

म्हणून बैठकीत कुठली कंपनी वाईट हा वाद मी काढत नाही. तो काढला की बाई कंपनीच्या बाजूला जाऊन बसते. पुढच्या वेळी प्रत्येकीने आपला कुकर घेऊन यावं, त्यावरची खूण सगळ्यांना दाखवावी आणि सापडली तर पावतीही आणावी, एवढंच सांगते. सापडली नाही, तर ती कुठे आहे हे घरी विचारून यावं.