मोटारीची जागा माणसांना देताना

नागपूरच्या जुन्या ले-आउटमधली घरे आठवून पाहा. पुढे गेट, मध्ये घर, मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात टिनाचे नाहीतर सिमेंटच्या पत्र्यांचे गॅरेज. मोटार केव्हाच गेटाजवळ उभी राहू लागली आहे. गॅरेजमध्ये आता गंजलेला कूलर, लग्नकार्यातल्या देगा, मोडका पाळणा आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेली दारे-खिडक्या. इकडे घरात मात्र जागा पुरत नाही. दादीला पायऱ्या चढवत नाहीत, लेक बाळंतपणाला आली की कोणाला तरी बैठकीत झोपावे लागते आणि बारावीच्या मुलाला दार लावून बसायला कोपरा नाही.

अशा वेळी प्लॉट फ्लॅट स्कीमला द्यावा की वर मजला चढवावा, एवढेच बोलणे होते. मागच्या गॅरेजकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक १० बाय १८ फुटांचे गॅरेज म्हणजे १८० चौरस फूट. त्यात न्हाणीघर-संडास काढूनही एक चांगली खोली राहते. राष्ट्रीय इमारत संहितेने राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट, धरले आहेत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने घरांची टंचाई पाहून २०१७ पासून गॅरेजच्या जागी अशी छोटी घरे करण्याचे नियम सोपे केले. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जुन्या घरांतले दालान आणि सपरी हेच काम करीत असत.

पण गॅरेजला रंग मारून, दार बसवून खोली होत नाही. तीच संहिता सांगते की गॅरेजची जमीन भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच असली तरी चालते, घराचे जोते मात्र किमान ४५ सेंटीमीटर हवे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा या फरकाचा अर्थ अनेकांना कळला. आता जोते ३० सेंटीमीटर वाढवले की आतली उंची तेवढीच कमी होते आणि राहण्याच्या खोलीला ती किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी जुने पाडून नवे बांधणेच बरे.

पाडताना छताकडे लक्ष द्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्यावर आपल्याकडे बंदी नसली तरी त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रे हातोड्याने फोडू नका. पाणी मारून ओले करा, अखंड उतरवा, मजुरांना चांगले मास्क द्या आणि मुलांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. ऑइल मुरलेली जुनी फरशी आणि तिच्याखालची माती काढून टाका. जमीन काळी असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर थेट भिंत उभी केली की दोन वर्षांत तिरप्या भेगा पडतात. पाया किती खोल न्यायचा हे अभियंत्याला विचारा, जोत्याला बीम घाला आणि भराव मुरमाचा करा.

पुढचा प्रश्न उन्हाचा. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. टिनाखाली म्हाताऱ्या माणसाला ठेवायचे नाही, हे पक्के धरून चाला. स्लॅब घाला आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर द्या. न्हाणीघर पश्चिमेकडे ठेवा, म्हणजे दुपारचे ऊन त्या भिंतीवर अडेल. कूलर एका खिडकीत बसवला तर समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला झरोका हवाच. नसेल तर खोलीत गारवा येत नाही, नुसता दमटपणा भरतो.

खोलीचा उपयोग एकच ठरवू नका. आज दादी राहतील. उद्या लेक चाळीस दिवस बाळाला घेऊन राहील. रमजानमध्ये घरातल्या बायका तिथे तरावीह पढतील. लग्नात मेहमान उतरतील, परीक्षेच्या दिवसांत मुले अभ्यास करतील. घरावर दुःख कोसळले तर इद्दतीचे चार महिने दहा दिवस एखादीला तिथे शांतपणे काढता येतील. त्यासाठी पलंग आणि कपाट भिंतीत पक्के करू नका. तख्त, गाद्या आणि एक हलते कपाट पुरे. मात्र दार ९० सेंटीमीटर रुंद, न्हाणीघरात धरायला दांडी आणि पायऱ्यांच्या जोडीला उतार, ही तीन कामे आजच करा. उतार एकास बाराच्या प्रमाणात हवा. ४५ सेंटीमीटर जोत्याला तो जवळजवळ १८ फूट लांब होतो, म्हणून नकाशातच त्याची जागा ठरवा.

नकाशावरून परवानगीची गोष्ट निघते. मंजूर नकाशात जिथे गॅरेज दाखवले आहे, तिथे खोली बांधायला नवी मंजुरी लागते. आपला प्लॉट महापालिकेकडे येतो की नासुप्रकडे, आणि गुंठेवारीच्या ले-आउटमधला असेल तर आर.एल. पत्र हातात आहे का, हे आधी पाहा. मागच्या मोकळ्या जागेत गॅरेजला मिळालेली सवलत खोलीला आपोआप लागू होत नाही. मोटारीची जागाही नकाशात दुसरीकडे दाखवावी लागते. शेजारी बोलत नाही म्हणून काम उरकले, तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस येऊ शकते आणि भिंत पाडण्याचा खर्चही आपल्याच माथी पडतो.

आणि शेवटी ते बोलणे, जे घरात कोणी काढत नाही. पैसे बहुधा एक मुलगा घालतो, जागा अब्बांच्या नावावर असते. दहा वर्षांनी तोच म्हणतो, ‘मागची खोली माझी.’ बहीण गप्प बसते, धाकटा दुरावतो. अब्बांच्या जागेवर खोली बांधली म्हणून जागा बांधणाऱ्याची होत नाही आणि अब्बांच्या पश्चात लेकींचाही वाटा असतोच. मुलाने घातलेली रक्कम कर्ज आहे की आई-वडिलांना दिलेली भेट, हे पहिली वीट लागण्यापूर्वी ठरवा आणि लिहून ठेवा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्येच आहे. अब्बांना ती जागा मुलाला हिबा करायचीच असेल, तर तसे जाहीर करणे, त्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी व्हायला हव्यात. तेव्हा बाकीच्या मुलांनाही समोर बसवा.

असे काही द्यायचे नसेल तर खोली घराचीच राहू द्या. किल्ली मोठ्या घरात, सर्वांना दिसेल अशा खिळ्यावर टांगा. एकाने तिला आपले कुलूप लावले की अडीनडीला येणाऱ्या लेकीला पुन्हा बैठकीत अंथरूण टाकावे लागेल.