सायकल स्टँड कुठाय?

गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये परत तोच वाद. मी हिंजवडीला सायकलने येतो हे कळल्यावर टीममधला एक जण म्हणाला, "शनिवार-रविवारी ठीक आहे रे, पण रोज? प्रॅक्टिकल नाहीये ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा मित्र रोज संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये काढतो. ते मात्र प्रॅक्टिकल!

आधी हिशोब मांडू. पिंपळे सौदागरमधलं माझं घर ते फेज १ मधलं ऑफिस, साधारण साडेनऊ किलोमीटर. सायकलने मला ३५ ते ४० मिनिटं लागतात, सोमवार असो वा शुक्रवार. कारने सकाळी सातला निघालो तर २५ मिनिटं, साडेनऊला निघालो तर एक तास, आणि पाऊस पडला तर रामभरोसे. आपण हप्ते भरतो ते वेगासाठी, हातात पडतो फक्त एसी.

घाम येतो? येतो. बॅगेत एक शर्ट आणि नॅपकिन टाका, दहा मिनिटं आधी पोचा. पाऊस? धो-धो पडला की मी सरळ बस पकडतो. ३६५ दिवस सायकलच चालवायची असा नियम कुणी केलाय? चढ झेपत नाही? २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी इलेक्ट्रिक सायकल घ्या, तिला ना लायसन्स लागतं ना नोंदणी.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. लाखभराची सायकल कारच्या मागे बांधून रविवारी घाटात नेणारे, आणि सोमवारी "इच्छा असेल तर जमतंच" असं ऐकवणारे. नाही जमत हो! हडपसरहून येणाऱ्याला एका बाजूचे पंचवीसेक किलोमीटर रोज नाही जमत. रात्री दहाला सुटणाऱ्या मुलीला अंधाऱ्या सर्व्हिस रोडने नाही जमत. पोराला पाळणाघरात सोडून येणाऱ्या आईला नाही जमत. त्यांना चांगली बस आणि मेट्रो हवी, प्रवचन नको. माझं म्हणणं फक्त दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांबद्दल आहे. वाकड, बाणेर, बालेवाडी, पिंपळे निलखमध्ये आपण घरं घेतली तीच मुळी "ऑफिस जवळ आहे" म्हणून ना?

मग अडतं कुठे? खरं सांगू? भीतीपाशी. मागून डंपरने हॉर्न दिला की माझ्याही पोटात गोळा येतो. आई अजून रोज फोन करून "पोचलास का?" विचारते. आणि तिचं चुकत नाही.

आमच्या बिल्डिंगला हाउसकीपिंगमध्ये एक काका होते. रोज सात-आठ किलोमीटर सायकलने यायचे, साधी काळी सायकल, लाइट नाही. मागच्या पावसाळ्यात अंधारात एका कारने त्यांना कट मारला. पाय मोडला. तीन महिने घरी बसले, तोवर कंत्राटदाराने दुसरा माणूस घेतला होता. त्यांची सायकल गेटबाहेर कुंपणाला बांधलेली असायची, कारण आत सायकल स्टँडच नाही. मला पहिल्या दिवशी गार्डने अडवलं, पण आयकार्ड बघून "सर, तुम्ही बेसमेंटला लावा" म्हणाला. काकांना कुणी सर म्हटलं नाही.

सायकल प्रॅक्टिकल आहे का, हा प्रश्न आपण फक्त आपल्यापुरता विचारतो. ज्यांना दुसरा पर्यायच नाही ते कधीपासून हाच रस्ता सायकलने कापतायत, जीव मुठीत धरून. ट्रॅक म्हणजे आमच्यासारख्यांच्या हौसेचे लाड नव्हेत.

आणि पुणं म्हणजे एकेकाळचं सायकलींचं शहर! २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर सायकल ट्रॅक आले, त्यांवर पार्किंग आणि टपऱ्या वाढल्या. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने मोठा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या. ओफो तर २०१८ मध्येच भारतातून गेली. लोक म्हणाले, "बघा, पुणेकरांना सायकल नकोच." अहो, पोहायला तलावच नाही आणि म्हणे लोकांना पोहायची आवड नाही! आमचा रस्ता तर त्या आराखड्यातही नव्हता. अर्धा पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, पुढे एमआयडीसीची हद्द. एकाचा ट्रॅक झाला तरी तो दुसऱ्याच्या वेशीवर संपणार.

मागणी फार मोठी नाही. वाकड ते फेज १ सलग, कठड्याने वेगळा केलेला दोन मीटरचा पट्टा. पुलाखाली दिवे. आणि प्रत्येक कंपनीत सायकल स्टँड, आयकार्ड न बघता सगळ्यांसाठी. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.

यातली शेवटची गोष्ट तर आपल्याच हातात आहे. मी सोमवारी ॲडमिनला मेल टाकतोय. कँटीनमध्ये माना डोलावणाऱ्यांनो, तुम्हालाही सीसीमध्ये ठेवणार आहे. बघू किती जण 'रिप्लाय ऑल' करतात ते!