प्लास्टिकचा तांदूळ आणि ग्रीन कॉरिडॉर

खाण्याविषयीची विचित्र बातमी आणि अवयवदानाची बातमी मोबाइलवर सारख्याच वेगाने फिरतात. पहिलीला ‘बापरे!’ म्हटले जाते, दुसरीला हात जोडले जातात. फरक पुढे पडतो. पहिल्या बातमीवर लोक लगेच कृती करतात आणि दुसरीवर कोणी काही करत नाही.

प्लास्टिकच्या तांदळाचेच पाहा. २०१७ मध्ये हैदराबाद आणि इतर अनेक शहरांत ही अफवा पसरली. पुरावा काय, तर भाताचा गोळा चेंडूसारखा उसळतो. शिजलेल्या भातातला स्टार्च चिकट असतो. दाबून गोळा केला की तो थोडाफार उसळणारच. पुढे रेशनवर आणि शाळेच्या खिचडीत पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला, तेव्हा पाण्यावर तरंगणारे काही दाणे लोकांना दिसले आणि जुनी अफवा नव्याने उठली. ते दाणे तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळलेले असते आणि १०० किलो तांदळात असा साधारण एक किलो दाणा घालतात. कितीतरी घरांत हे दाणे वेचून फेकले गेले. म्हणजे रक्त कमी असलेल्या मुलाच्या ताटातून नेमके लोहच काढून टाकले गेले.

ज्या खाण्याला खरोखर घाबरायला हवे, त्याची बातमी होत नाही. माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, फरसाण आणि वरून घेतलेले चिमूटभर मीठ धरले तर भारतीय माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यातून रक्तदाब वाढतो. हा रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे चोरपावलांनी मूत्रपिंड निकामी करत राहतात. पायावर सूज दिसेपर्यंत बरेच काही हातचे गेलेले असते. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस आणि मूत्रपिंडासाठी प्रतीक्षायादी.

या यादीच्या टोकाला दुसरी बातमी उभी असते. रस्ता मोकळा करणारे पोलीस, धावणारी रुग्णवाहिका, विमानतळावर पळत जाणारी डबा हातात घेतलेली माणसे. घाई खरीच असते, कारण हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते. पण भारतात मरणोत्तर दाते दहा लाख लोकसंख्येमागे एकही भरत नाहीत. बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या जोरावर होतात. या दात्यांत बायका जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. आईने, बायकोने मूत्रपिंड दिले की त्यागाचे कौतुक होते. घरातल्या कमावत्या पुरुषांची तपासणी तरी झाली होती का, हे क्वचितच कोणी विचारते.

मरणोत्तर दानाचा खरा कठीण क्षण रुग्णवाहिका निघण्याच्या कितीतरी आधी, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर येतो. डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झाला आहे. आत छाती वरखाली होत असते, पडद्यावर ठोके दिसत असतात, हात गरम लागतो. नातेवाइकांनी विश्वास कसा ठेवायचा? कोमातला माणूस शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत माणूस येत नाही. श्वास चाललेला असतो तो व्हेंटिलेटरमुळे. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांना ही तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. संमती दिल्यानंतर अवयव काढण्याचा खर्च नातेवाइकांवर पडत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. जे नकार देतात ते काही निर्दयी नसतात. ‘मेंदूमृत’ हा शब्दच त्यांच्या कानावर त्या दिवशी पहिल्यांदा पडलेला असतो. गेलेल्या माणसाने कधीकाळी भरलेले प्रतिज्ञापत्र पाकिटात तसेच असते. पण शेवटचा होकार घरच्यांचाच लागतो आणि त्याने घरी विषय काढलेलाच नसतो.

दोष केवळ समाजाचा नाही. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांवर नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारण्याची जबाबदारी टाकली. तरीही कितीतरी रुग्णालयांत मेंदूमृत्यू नोंदवलाच जात नाही. कारण मनुष्यबळ कमी आणि नातेवाइकांच्या संतापाची भीती मोठी. स्पेनमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे चाळीसच्या वर आहे. तिथे १९७९ पासून ‘नकार नसेल तर संमती’ असा कायदा आहे आणि त्याचेच उदाहरण आपल्याकडे दिले जाते. प्रत्यक्षात तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय कोणी शस्त्र उचलत नाही. आकडे वाढले ते १९८९ नंतर, रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. त्यातले बरेचसे अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर आहेत. मृत्यूची बातमी कशी सांगायची, ती सांगितल्यावर किती वेळ गप्प बसायचे आणि दानाचा विषय केव्हा काढायचा, हे त्यांना शिकवले जाते.