पेटी ठेवली म्हणजे मधमाशी वाचली?

मधमाशा वाचवायच्या तर पेट्या ठेवा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. लोणारच्या बाबतीत त्याला आणखी एक दिलासा जोडता येतो: सरोवराला २००० साली अभयारण्याचा आणि २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, मग तिथल्या किड्या-माश्यांची चिंता कशाला? दोन्ही युक्तिवादांमागचा हेतू चांगला आहे; पण दोन्ही टिकत नाहीत.

पेटीत नांदते ती सातेरी किंवा युरोपीय मधमाशी. जगातल्या सुमारे २० हजार जातींपैकी बहुसंख्य मधमाशा एकेकट्या राहतात आणि त्यांतल्या बहुतेक जमिनीत बीळ करतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर घिरट्या घालणारी, पोटावर निळसर पट्टे असलेली अमेजिला त्यांतलीच. मादी एकटीच माती उकरते, कोठडीला आतून लेप देते, पराग-मकरंदाची शिदोरी ठेवून तिच्यावर एक अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिच्या मदतीला कामकरी माश्या नसतात. पेटीचा तिला काडीइतकाही उपयोग नाही.

तिची जागा पेटीतली माशी भरून काढेल, हेही खरे नाही. वांग्याच्या फुलातला पराग केसरांच्या नळीत कोंडलेला असतो. अमेजिला फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा टोकाच्या छिद्रातून तो झडतो. सातेरीला हे जमत नाही.

राहिला अभयारण्याचा प्रश्न. तिथला कायदा भोवतालच्या शेतांना लागू नाही. त्या शेतांत रोटाव्हेटरखाली उथळ कोठड्या चिरडतात आणि तणनाशकाने धुऱ्यावरची फुले जातात. ‘औषध पिकावर मारतो, जमिनीत नाही’, असे म्हणावे तर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम चोळलेल्या बियाण्याबरोबर विष थेट मातीतच जाते आणि महिनोन्महिने तिथे राहू शकते.

शेतकऱ्याने फवारणी सोडून नुकसान सोसावे, असे माझे म्हणणे नाही. पण धुऱ्याचा उन्हातला एक पट्टा न नांगरता ठेवता येतो, त्यावरचे तण फुलू देता येते. पीक फुलोऱ्यावर असताना फवारणी टाळता येते. अगदीच गरज पडली तर ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करता येते. सरोवराच्या सुशोभीकरणात उघड्या मातीवर पेव्हर ब्लॉक अंथरायचे नाहीत, एवढे पथ्य प्रशासनाने पाळावे. पक्ष्यांची गणना होते, तशी जमिनीतल्या मधमाश्यांची नोंद वनविभागाने सुरू करावी.

उघडी जमीन पडीक नसते. तिच्या पोटात पुढच्या हंगामाचे परागवाहक वाढत असतात. पेट्यांना अनुदान द्या, जरूर द्या; पण आधी ही माती राखा.