डाव्या हाताची चाके

सिंथेसायझर म्हणजे विजेवर चालणारी पेटी, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. मला तो वाद्यावर अन्याय करणारा वाटतो.

पेटीची पट्टी दाबली की सूर ठरला. त्याला मींड नाही, आंदोलन नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. सिंथेसायझरचा धर्म वेगळा आहे. १९७० च्या मिनीमूगवर पट्ट्यांच्या डावीकडे दोन चाके होती. एक सूर वर-खाली सरकवणारे, दुसरे मॉड्युलेशनचे. मॉड्युलेशन म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवणे. सेकंदाला पाच-सहा झोके दिले, तर सुरात कंप येतो. झोके शेकड्यांनी वाढवले, तर कंप ऐकूच येत नाही. आवाजाची जातच बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ मध्ये जॉन चाउनिंग यांना हे गवसले आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने ते घरोघरच्या वादकांपर्यंत नेले.

याचा आपल्या रागसंगीताशी काय संबंध, असे कोणी विचारील. मुंबईतल्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजितसिंग यांनी १९८२ मध्येच उत्तर दिले होते. त्यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८ वर दहा राग घसरत्या सुरांनी वाजवले, तेही डिस्कोच्या ठेक्यावर. तबकडी तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले.

आपल्या बहुतेक क्लासांत मात्र अजून उजव्या हाताने गाण्याची चाल आणि डाव्या हाताने तयार ठेक्याचे बटण, एवढेच शिकवले जाते. चाके धूळ खात पडतात. स्वस्त कीबोर्डवर तर मॉड्युलेशनचे चाक अनेकदा नसतेच. मग गॅदरिंगला मुलाने गाणे बिनचूक वाजवले तरी ते कोरडे वाटते, यात मुलाचा दोष काय?

चाक फिरवले की मींड आली, असेही नाही. सूर कुठून निघून कुठे विसावायचा, हे कानाला आधी कळावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, विद्यार्थ्याने ओळ प्रथम गळ्यातून म्हणावी, मग डावा हात चाकावर ठेवावा. आणि पालकांनी दुकानात 'यात किती आवाज आहेत?' असे विचारण्याऐवजी 'डावीकडे चाके आहेत का?' असे विचारावे. शेकडो तयार आवाजांपेक्षा स्वतःच्या हाताने वळवलेला एक सूर मुलाला अधिक शिकवील.