अस्वल आधी, टोपली शेवटी

शेवट आधीच फोडला की कथा मेली, असं वर्गावर्गांतून अजून शिकवलं जातं. गुंतागुंत, निरगाठ, उकल एवढं ओळखता आलं की विद्यार्थ्याला कथा कळली! ही चौकट मांडणारं ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१चं. पुढं गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेनं ती मोडली. प्रश्नपत्रिका मात्र अजून तिथंच अडलेली आहे.

शेवट फोडला की कथा मरते, हे मला मान्य नाही. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ बघा, संग्रह १९६३चा. निवेदकानं जात लपवली, हे गुपित शीर्षकातच उघडं आहे. आपल्याला सगळं ठाऊक, त्याच्या सहकारी रणछोडला काहीच नाही. तो निवेदकाला मान देतो तेव्हा आपल्याच पोटात गोळा येतो. गुपित शेवटपर्यंत झाकलं असतं तर एकदाच धक्का बसला असता, इथं पानापानावर धास्ती आहे. दुसरा सहकारी काशीनाथ आपली जात छातीठोकपणे सांगतो, म्हणून निवेदकाची भीती दिसते. ‘स्वभाव : भित्रा’ असं कुठं लिहावं लागलेलं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त लागतो : मौखिक कथा पसरट, तिला रचनाच नसते. आणि आमच्या अहेरी भागावर लिहिणाऱ्यांच्या कथांत आदिवासी माणूस ‘भोळा’ या एका विशेषणात संपतो. त्याला काही हवं असतं, तो काही लपवतो, हे लिहायचं राहूनच जातं.

अहेरीत घरी गोंडी, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजीनं माझ्या ओसरीवर गोष्ट सांगितली. पहिलंच वाक्य : “अस्वल आला, टोपली टाकून पळाली मी.” झालं, सगळं सांगून मोकळी! तरी पोरं अर्धा तास हुंकारा देत बसली. पहाटेचा अंधार, मोहाखाली पडलेला फुलांचा सडा, झाडामागची खसफस, आणि मध्येच टोपली : ती लेकानं विणलेली, तो मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. अस्वलाची भीती तिनं एका वाक्यात उरकली. टोपलीकडं मात्र चारदा वळली. काय आधी सांगायचं नि काय राखून ठेवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रचना म्हणतात ती हीच.

दुसऱ्या पहाटे ती एकटीच त्याच मोहाखाली गेली नि टोपली घेऊन आली. एक कामटी तुटलेली होती.

“मग नवी घातली?” एका पोरीनं विचारलं.

आजीला बांबूचं सगळं काम येतं. तरी टोपली तशीच वळचणीला टांगली आहे. लेक आल्यावर तो घालेल, म्हणाली.