गच्चीचा खर्च कोणाच्या खाती?

वर्षअखेर आपण वह्या मिळवितो, येणे-देणे तपासतो आणि शिल्लक पाहूनच नवी चोपडी उघडतो. हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. परंतु ज्या इमारतीत आपण राहतो तिच्या विजेचा हिशेब मात्र कोणीच मांडीत नाही. प्रत्येक बिऱ्हाडाचे बिल निराळे येते व निराळे भरले जाते. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो हिशेब सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या हैदराबादेत मे महिन्याच्या 9 तारखेच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवसांत ऊन भिंतींवर तिरपे पडते. गच्चीवर मात्र सरळ. काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब दिवसभर ते शोषून घेतो आणि रात्री खालच्या खोलीत सोडतो. जुन्या देवड्यांत चुन्याचा जाड गिलावा, उंच छत आणि मधला चौक यांच्या आधारे उन्हाळा निभावत असे. आजच्या पातळ स्लॅबखाली रात्री पंख्याचा वाराही कढत लागतो. मग वातानुकूलन यंत्र घ्यावे लागते, आणि ज्याला ते परवडत नाही तो तळमळत पहाट करतो. घरात वृद्ध आईवडील अथवा तान्हे मूल असेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाही. जिवावरचा प्रसंग होतो.

उपाय अवघड नाही. गच्चीला पांढरा, ऊन परतविणारा लेप द्यावा. छत बरेच थंड राहते. तेलंगण सरकारने 2023 मध्ये याच हेतूने शीत-छत धोरण जाहीर केले असून 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छते अशी करण्याचा संकल्प सोडला आहे. त्यात 600 चौरस यार्ड व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींना असे छत आवश्यक ठरविले आहे. लहान इमारतींना सक्ती नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांची वस्ती अशाच इमारतींत आहे.

मग घोडे अडते कोठे? आमच्या पाहण्यातील एका इमारतीच्या सभेत वरच्या मजल्यावरील गृहस्थांनी हा विषय काढला. खालच्या मजल्यावरील सभासद म्हणाले, “गच्ची आमच्या डोक्यावर नाही, ज्याला ऊन लागते त्याने खर्च करावा.” ठराव बारगळला. त्याच मंडळींनी आदल्या वर्षी गळतीच्या दुरुस्तीसाठी बिनतक्रार वर्गणी दिली होती! पावसात गळणारी गच्ची सर्वांची आणि उन्हात तापणारी गच्ची एकट्याची, हा न्याय आम्हांस तरी समजत नाही.

भाड्याच्या घरांत हाच प्रकार निराळ्या रूपाने दिसतो. बांधकामाचा खर्च मालक करतो, विजेचे बिल भाडेकरू भरतो. म्हणून मालक छतावर चार पैसे वाचवितो आणि भाडेकरू ते वर्षानुवर्षे व्याजासह फेडतो. आपल्या समाजात घरमालक पुष्कळ आहेत. हे वाक्य लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. दुसऱ्याच्या नावे मांडलेल्या खर्चाला बचत म्हणणे सचोटीच्या वहीत बसत नाही.

शिवाय हा खर्च बिलापाशी संपत नाही. आपल्या देशातील विजेचा मोठा भाग अद्याप कोळशापासून होतो. एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साधा पंखा 75 वॅट वीज घेतो, नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे 30 वॅट. रोज 12 तासांप्रमाणे वर्षात 300 दिवस चालणाऱ्या एका पंख्यामागे 162 युनिटे वाचतात, म्हणजे एक क्विंटलाहून अधिक वायू कमी होतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंश वर ठेवल्यास सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. 2024 च्या सूर्यघर योजनेत तर इमारतीच्या सामाईक विजेकरिताही सौर पॅनेलांस अनुदान ठेवले आहे. परंतु आधी गळती बुजवावी, मग टाकी भरावी; छत तापू देऊन पॅनेले बसविण्यात अर्धाच लाभ आहे.

पांढरा लेप एकदा दिला की काम संपले, असे आम्ही म्हणत नाही. धुळीने तो मळतो, धुवावा लागतो, काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. म्हणूनच हे एका बिऱ्हाडाच्या हौसेवर सोडण्याजोगे नाही. इमारतीच्या देखभालीच्या खात्यात त्याची कायमची रक्कम हवी.

तेव्हा आमची सूचना एवढीच. प्रत्येक सभासदाने आपल्या इमारतीच्या पुढील सभेत गच्चीच्या लेपाचा ठराव मांडावा, आणि तो वरच्या मजल्याने नव्हे, तळमजल्याने मांडावा. घरमालकांनी भाडेकरूने मागण्याची वाट पाहू नये. होळीपूर्वी काम उरकले, तर येता वैशाख वरच्या मजल्यावरील वृद्धांना सुसह्य होईल. ती शिल्लक वहीत दिसणार नाही. तरीही ती साऱ्या इमारतीच्या जमेस धरावी.